आषाढात कोण सही करतंय?

परवा सकाळी हेब्बाळच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. आषाढाचा वारा सुटलेला. आमच्या म्हैसूरला आषाढात पाऊस थोडा आणि वारा फार. चामुंडीच्या डोंगरावरनं उतरतो, नव्या नवऱ्या माहेरी धाडलेल्या घरांची दारं आपटतो, आणि शेवटाला तुमच्या चहात धूळ टाकून पुढं जातो. टपरीवरची ताडपत्री फडफडत होती. त्या फडफडीत दोघे इंजिनेर बोलत होते. गळ्यात कंपनीचे पट्टे, एकाच मोबाइलवर दोघांच्या माना. बोलणं कन्नडात, पण मधेमधे असे शब्द पडत होते की माझा पेला ओठाजवळच थांबला.

"कॅम्प सुरू होऊन आठवडा झाला. अजून मैदानात उतरला न्हाई."

"कसा उतरेल? नवा कराराचा पेपर द्या म्हणतोय. मालक न्हाई म्हणतात."

"मग दंड लावतील."

"लावू दे की. गुडघे त्याचे आहेत, मालकाचे न्हवे."

मला राहवलं न्हाई. "कोण बाबांनो? पळणारा का झेलणारा?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. खाकी शर्ट, खिशाला शोभेचं पेन, झिजलेल्या चपला. एकजण मायेनं म्हणाला, "अंकल, हे क्रिकेट न्हवे."

"ठाऊक आहे की! सोललेल्या नारळासारखा चेंडू काखेत मारून पळतात, तो. अमेरिकेचा फुटबॉल." एवढ्यावर गप्प बसलो असतो तर खंडोजी कसला? पुढं म्हणालो, "आषाढ आहे बाबा. आषाढात कोण सही करतंय? श्रावण लागू दे, करतो तो."

एकाच्या नाकातनं चहा आला.

हसू दे. तीन वर्षांमागं मी हेच वाक्य बोललो होतो. त्या एका आषाढात माझ्या दोस्ताची, महादेवण्णाची, गाडी जाता-जाता राहिली. गाडी म्हणजे त्याच्या मालकीची न्हवे हो. ड्रायव्हरच्या मालकीचं काय असतंय? बूड टेकायची सीट. ती सीट जाणार होती.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून धक्का बसणार न्हाई. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी घरातली, तोंडातली. लिहायला येत न्हाई, म्हणून मी बोलतोय आणि सून लिहितेय. सुवर्णा निपाणीची. मधेच हात थांबवून विचारते, "मामंजी, गाडी चालवली लिहू का गाडी हाणली?" मी म्हटलं, जशी चालवली तशी लिही. तिनं 'हाणली' लिहिलं. आमच्या घराण्यातला कुणीतरी महाराजांच्या फौजेत घोड्यावर बसून इकडं आला, आणि परत जायचं विसरला. मग घोडा गेला, तलवार गेली, पागोटं गेलं. माझ्यापर्यंत येता-येता क्लच तेवढा राहिला.

त्या वर्षी माझ्याकडं नवी गाडी होती, कंपन्यांची माणसं ने-आण करणाऱ्या कंत्राटदाराची बस. कुवेंपुनगर ते हेब्बाळ, सकाळची ट्रिप. अशी गाडी की स्टिअरिंग एका बोटानं वळायचं. दुसऱ्या हातानं मी मिशी कुरवाळायचो. मिशी न्हाई मला, पण जागा तर आहे. माझ्या मागच्याच सीटवर दोघं बसायची. कीर्ती आमच्या म्हैसूरचीच, अग्रहाराकडची. आणि प्रथमेश पुण्याचा. पहिल्या दिवशी मी आरशात बघून मराठीत शिवी दिली. त्याला न्हवे, पुढच्या रिक्षाला. तर हा उठून उभाच राहिला. "काका, तुम्ही मराठी?" मी म्हटलं, "पडलो की मराठी. उभं राहतो तेव्हा कन्नड." तेव्हापासनं दोस्ती.

ही दोघं त्या खेळाची वेडी. तिकडं सोमवारची रात्र असली की इकडं मंगळवारची सकाळ असते, आणि त्यांचा सामना बरोबर माझ्या गाडीत यायचा. मला आधी वाटलं, बाई गाडीत किंचाळतेय म्हणजे उंदीर शिरला. गाडी बाजूला घेऊन सीटखाली वाकून शोधला. ती म्हणाली, "अण्णा, टचडाउन!" मी म्हटलं, मिळाला का? मग प्रथमेशनं समजावलं. महिनाभर समजावलं. त्या मुलाच्या नोकरीत त्याला एवढा त्रास कुणी दिला नसेल.

खेळ मला कसा कळला सांगू? दसऱ्यानं. चेंडू घेऊन पळणारा म्हणजे अंबारीचा हत्ती, आणि त्याच्या दोन्ही अंगाला चालतात त्या कुमकीच्या हत्तिणी म्हणजे त्याला वाट करून देणारे. वाट झाली की हत्ती पुढं. वाट न्हाई झाली की दहा माणसं अंगावर. हे सांगितल्यावर कीर्ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही कॉमेंट्री करा." प्रथमेश म्हणाला, "नको, हे कॉमेंट्री करतील आणि बस चामुंडीच्या पायथ्याला जाईल." तेही खरंच. एका सामन्यात मी आमचं वळण चुकवून पार बोगादीपर्यंत गेलो होतो. सत्तर माणसांच्या कामाला उशीर. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आरशाकडं. आरसा पण माझ्याकडंच बघत होता.

पण खरी मजा सामन्यात न्हवती. सामने संपायचे आणि मग यांची भांडणं सुरू व्हायची. कुणाला कुणी घेतलं, कुणाला सोडलं, कुणाचा पेपर किती वर्षांचा. आषाढ लागला की तिकडं कॅम्प लागतो, जसे दसऱ्याआधी आमचे हत्ती जंगलातनं येतात आणि राजवाड्याच्या अंगणात पाठीवर वाळूची पोती बांधून चालायला लागतात, तसा. त्या आषाढात प्रथमेशच्या टीमचा पळणारा, बावीस नंबरचा, कॅम्पला आला पण सरावाला उतरेना. डोक्यावर टोपी घालून कडेला उभा. रोज येतो, रोज उभा राहतो, घरी जातो.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"न आला तर दंड होतो, काका. म्हणून येतो. पण नवा करार मिळेपर्यंत खेळणार नाही म्हणतो." प्रथमेशला राग होता. "करार केलाय ना एकदा? मग पाळायला नको? माझ्या टीमची वाट लागली."

कीर्ती उसळली. तिची टीम वेगळी, बावीस नंबर तिचा वैरी, तरी त्याच्या बाजूनं. "टीम उद्या त्याला काढून टाकेल तेव्हा कुणी करार पाळतं का? त्यांचं पाळणं एकाच बाजूनं असतं. गुडघा गेला की दुसऱ्या दिवशी घरी. त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष. मग एक वर्षाचा टॅग लावतील, म्हणजे दुसरीकडं जायचं न्हाई आणि इथंही कायम न्हाई."

"दावं," मी म्हटलं. "गाय विकायची पण न्हाई आणि पोसायची पण न्हाई. नुसतं दावं."

"करेक्ट, अण्णा!"

"काका, तुम्ही पण तिच्या बाजूनं?"

"मी कुठल्याच बाजूनं न्हाई, मी सिग्नलच्या बाजूनं. लाल आहे." आणि तिथं थांबल्या-थांबल्या मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो. "आणि तुम्ही भांडताय कशाला? आषाढात कोण सही करतंय? शहाणा माणूस आहे तो. श्रावण लागला की करेल."

मला खरंच तसं वाटत होतं! सांगायला लाज कसली? आमच्याकडं आषाढात घर बदलत न्हाईत, गाडी घेत न्हाईत, लगीन ठरवत न्हाईत. मला वाटलं, जगात सगळीकडं तसंच असणार. अमेरिकेत आषाढ न्हाई हे मला कुणी सांगितलंच न्हवतं. सगळी गाडी हसली. त्या दिवसापासनं माझं नाव पंचांग अण्णा.

दुसऱ्या एका सकाळी प्रथमेश जुन्या गोष्टी सांगत होता. म्हणाला, "एकदा तर मालकांनी सगळ्या खेळाडूंना लॉकआउट केलं होतं, काका. मैदानाला कुलूप. आत यायचं नाही, कोचशी बोलायचं नाही, टीमच्या डॉक्टरकडंही जायचं नाही."

माझा पाय आपसुक ब्रेकवर गेला. मागं सगळ्यांची कपाळं पुढच्या सीटवर. लॉकआउट! इंग्रजीत मला आलेला पहिला शब्द तो. ए बी सी डी त्याच्यानंतर आली, आणि टीपर्यंत येऊन थांबली.

माझे अप्पा इथंच हेब्बाळच्या एका कारखान्यात होते. मी चौथीत असताना फाटकाला कुलूप लागलं. अप्पा तरी रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, सायकलवरनं जायचे. फाटकासमोर लिंबाच्या झाडाखाली बसायचे, बाराच्या भोंग्याला डबा उघडायचे. भोंगा दुसऱ्या कारखान्याचा. आईला ठाऊक होतं की काम न्हाई. तरी चपाती मऊ राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. कधीकधी मला वाटतं, आमच्या घरातली सगळ्यात खरी गोष्ट ते ओलं फडकं होतं. मग एक दिवस माणसांना आत बोलावलं. टेबलावर इंग्रजी कागद. अप्पांनी पहिली सही केली, त्यांचं बघून बाकीच्यांनी. घरी येऊन आईला म्हणाले, "आज सही झकास आली बघ." सहीत काय गेलं ते नंतर कळलं. फाटक उघडलं, पण सही केलेल्यांसाठी न्हाई. अप्पांवर लोक रागावले ते शेवटपर्यंत. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. लेकरू होतो, गाढव होतो. पुढं लेकरू राहिलो न्हाई.

म्हणून हातात पेन दिलं की माझी बोटं थरथरतात. लोकांना वाटतं, अंगठाबहाद्दर आहे. वाटू दे की. पण थरथर त्यापायी न्हवे.

आता महादेवण्णा. तो के. आर. नगरच्या गाडीवर. तिकडनं कारखान्यांतली माणसं आणायची, संध्याकाळी परत सोडायची. अख्ख्या कंत्राटात सगळ्यात जुनी गाडी ती. स्टिअरिंग असं की वळवायला माणूस उभा राहतो. महादेवण्णा सत्तावन्न-अठ्ठावन्नचा, उंच, कपाळाला कुंकवाचा टिळा, बोलणं मोजून. त्यानं मला गाडी शिकवली. शिकवली म्हणजे दोन वर्षं शिव्या दिल्या. त्या आषाढाच्या आदल्या वर्षी इलवालजवळ टायर पंक्चर झालं, बदलताना चाक घसरलं आणि त्याचा उजवा खांदा गेला. पंचा बांधून त्यानं ट्रिप पुरी केली. माणसं वेळेवर कामाला लावली आणि मग दवाखान्यात गेला. त्यानंतर तो खांदा कधी पुरता वर गेला न्हाई.

बावीस नंबरचा कडेला उभा होता त्याच आठवड्यात आमच्या यार्डात नवा पेपर आला. आम्ही अकरा ड्रायव्हर. तिकडंही मैदानात एका वेळी अकराच असतात, पण त्यांना बदली मिळतो. सुपरवायझर सोमशेखर सर टेबल टाकून बसले. यादीत पहिलं नाव माझं. सरांनी पेन पुढं केलं.

"काय आहे सर यात?"

"दर वर्षीचंच. करा सही."

पेपर इंग्रजी. चष्मा आणलेला न्हाई, आणि आणला असता तरी काय उजेड? माझी बोटं थरथरायला लागली. मला काही कळलेलं न्हवतं हो, शपथ. शूरपणा न्हवता. भीती वाटली की माझं तोंड सुटतं, तेवढंच. म्हणालो, "सर, आषाढात कोण सही करतंय?"

कुणी हसेल असं वाटलं. पण सोमशेखर सर आषाढातल्या प्रत्येक शुक्रवारी अनवाणी चामुंडीच्या पायऱ्या चढणारे. ते थबकले. पेन बघितलं, पेपर बघितला. "हौदल्ला," म्हणाले, "खरंच की." मागचे नऊजण एका सुरात, "हो सर, आषाढ, आषाढ." सरांनी पेनाला टोपण लावलं. श्रावणाच्या पहिल्या दिवशी सह्या ठरल्या. पेपरची एकेक प्रत आम्हाला दिली.

दुसऱ्या दिवशी रिंग रोडच्या सिग्नलला मी प्रत मागं दिली. कीर्तीनं वाचली. पुण्याचं पोर तिच्या खांद्यावरनं वाचत होतं. दोघंही गप्प झाली. ही दोघं गप्प म्हणजे मला वाटलं, इंजिन बंद पडलं.

"अण्णा," कीर्ती म्हणाली, "पंचावन्नच्या वरच्यांनी आपापल्या गाडीवर परीक्षा द्यायची. पास झाला तर नाव यादीत. न्हाई तर घरी. आणि तुम्ही सही केली म्हणजे हे सगळ्यांना मान्य."

पंचावन्नच्या वर आमच्यात एकच माणूस.

त्या दुपारी यार्डात मी महादेवण्णाला सांगितलं. तो गाडीची काच पुसत होता, डाव्या हातानं. पुसत राहिला. म्हणाला, "तू नेहमीसारखा वेडेपणा केलास आणि मला वीस दिवस मिळाले. बरं झालं." मग थोड्या वेळानं, "सही कर खंडू. तुम्ही दहाजण आहात, मी एक आहे."

"अप्पांनी केली होती," मी म्हटलं.

तो अप्पांना ओळखायचा. काच पुसायचा थांबला.

मग आम्ही दहाजण चहाला बसलो आणि ठरलं, महादेवण्णाचं नाव आल्याशिवाय सही न्हाई. ड्यूटी चुकवायची न्हाई, गाडी थांबवायची न्हाई, कुणाला उलट बोलायचं न्हाई. रोज यायचं, पण पेन धरायचं न्हाई. ही अक्कल मी बावीस नंबरकडनं घेतली होती. एकजण म्हणाला, "तुझा हा बावीस नंबर कुठल्या डेपोचा रे?" मी म्हटलं, "लांबच्या."

त्या वीस दिवसांचा वारा मला अजून आठवतो. यार्डातला पालापाचोळा गोल-गोल फिरायचा आणि आम्ही पण. दोन बदली ड्रायव्हर आणून सरांनी कोपऱ्यात बसवले. काही बोलले न्हाईत, फक्त बसवले. आमच्यातले दोघं कच्चे पडायला लागले. तिसरा मी. हो, मी! घरी आलो की यमुना, माझी बायको, ताट वाढायची. भीमन अमावास्येला आषाढ संपतो. त्या दिवशी तिनं रीतीप्रमाणं माझे पाय धुतले, हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि तिथंच बसून विचारलं, "उद्या हे पाय कुठल्या ब्रेकवर ठेवणार?"

मी म्हटलं, "तू सांग, सही करू का?"

ती म्हणाली, "मी काय सांगू? तुमच्या अप्पांना सासूबाईंनी सांगितलं होतं, करा म्हणून. शेवटपर्यंत त्या स्वतःलाच बोल लावायच्या. मी न्हाई सांगणार. ज्याचं बोट त्यानं बघायचं."

नवऱ्याचे पाय धुऊन असा बुक्का मारणारी बाई मी दुसरी बघितली न्हाई.

दुसऱ्या दिवशी श्रावण. गाडी कुवेंपुनगरातनं निघते न निघते तोच मागनं प्रथमेश ओरडला, "काका! सही केली! बावीस नंबरनं सही केली! चार वर्षांचा करार!" सगळी गाडी टाळ्या वाजवायला लागली. पंचांग अण्णा की जय. कीर्ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही बोलला तस्संच झालं." मी आरशात हसलो. पण मला तोपर्यंत थोडी अक्कल आली होती. त्यानं श्रावण लागला म्हणून सही केली न्हाई. त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत न्हवतं, म्हणून मालक वाकले. माझ्याशिवाय कुणाचं पान हलत न्हाई? कोपऱ्यात दोघं बसलेले होते. मी सांगितलेली सगळी थट्टा त्या सकाळी संपली, आणि नऊ वाजता यार्डात टेबल मांडलेलं.

सोमशेखर सर नवा शर्ट घालून आले होते. "आता काय खंडोजीराव? पंचांग बघून आलोय मी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला विनोद सापडेना. शोधला हो. इकडं-तिकडं सगळीकडं शोधला.

"सर, आषाढाची थट्टा होती," मी म्हटलं. "खरं सांगतो. महादेवण्णाचं नाव यादीत येऊ दे. मग दहा सह्या लगेच घ्या. न्हाई तर दहाही नकोत."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? परीक्षा द्यावी, पास व्हावं."

"त्या गाडीवर? सर, त्या गाडीवर पाठीचा आधार घेऊन भीम बसला तरी नापास होईल."

नऊजणांनी हात पाठीमागं बांधले. कुणी सांगितलं न्हवतं. पेन द्यायला गेलं तर घ्यायला हातच समोर न्हाईत. जे दोघं कच्चे होते त्यांनी सगळ्यात घट्ट बांधलेले. बघून मी पण बांधले. थरथर मागं गेली, कुणाला दिसली न्हाई.

सरांनी कोपऱ्यातल्या दोघांकडं बघितलं. "के. आर. नगरची गाडी कोण घेता?" एकजण मोबाइल बघायला लागला. दुसरा म्हणाला, "सर, ती सोडून बोला." सरांनी कपाळावरची विभूती पुसली. मला म्हणाले, "ऐकलंस? ती गाडी चालवायला माणूस मिळत न्हाई. महादेवण्णाला ती झेपत न्हाई. मी काय करू? तू घेतोस?"

माझं तोंड नेहमी माझ्यापुढं चालतं आणि मी मागनं माफी मागत जातो. त्या दिवशी तोंड म्हणालं, "घेतो." आणि मी मागनं गेलो ते माफी न मागता. "मी के. आर. नगर घेतो. माझी गाडी महादेवण्णाला द्या. मग ती त्याची 'आपली गाडी'. त्यावर परीक्षा घ्या."

सरांनी हिशेब लावला. त्यांची अडचण सुटत होती. स्वतः शेजारी बसून त्यांनी महादेवण्णाला रिंग रोडचा फेरा मारायला लावला. एका बोटानं वळणारी गाडी ती. अर्ध्या तासानं परत आले, यादीत अकरावं नाव लिहिलं आणि टेबलावर पेन ठेवलं. पहिली सही महादेवण्णानं करावी असं आम्ही म्हणालो. त्यानं केली. मी शेवटची केली. झकास आली न्हाई, वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या सीटवरच्या दोघांना सांगायला गेलो. कीर्ती म्हणाली, "अण्णा, हे ट्रेड झालं, टीम खेळाडूंची अदलाबदल करतात तसं! तुमचं आणि त्यांचं." तिचे डोळे भरले होते, पण हसत होती. प्रथमेश म्हणाला, "काका, खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या दिवशीच सही केली असती."

"मी पण करणारच होतो की," मी म्हटलं. "तोंड आडवं आलं."

आता तीन वर्षं झाली. के. आर. नगरच्या गाडीत फुटबॉल कुणाला ठाऊक न्हाई. तिथं बायका सीरियलवर भांडतात, पुरुष क्रिकेटवर, आणि दोन्हीत मला कुणी विचारत न्हाई. मंगळवारी सकाळी माझे कान मागं जातात आणि रिकामे परत येतात. टपरीवर दोन इंजिनेर दिसले की मी उगाच जवळ जाऊन उभा राहतो, ते यापायीच. खोटं कशाला बोलू, चुटपुट लागते. पण महादेवण्णा दोन वर्षांत निवृत्त होईल तो आपल्या पायानं, आपल्या सीटवरनं उतरून. त्याला कुणी उतरवलं न्हाई, एवढं ठाऊक असलं की माझी चुटपुट मी खिशात ठेवू शकतो.

अदलाबदल झाली तेव्हा महादेवण्णा खूश झाला असेल असं तुम्हाला वाटेल. न्हाई. दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यानं मला यार्डात गाठलं. "तुझी दया कुणी मागितली होती?"

"दया कुठली अण्णा? त्या गाडीत दोघं रोज भांडतात. कान किटले माझे."

"खोटं बोलताना तुझा डावा कान हलतो." मग म्हणाला, "माझी नवी ड्यूटी सोमवारपासनं. तोपर्यंत तुझ्या जुन्या गाडीवर बदली ड्रायव्हर आहे, म्हणून रोज मी तुझ्याबरोबर येणार. के. आर. नगरची गाडी तुझ्यासारख्याला एकट्याला द्यायची वस्तू न्हवे."

आणि आला. पहाटे के. आर. नगरला, स्वच्छ शर्ट घालून, माझ्या शेजारी बॉनेटवर, आतल्या इंजिनाच्या झाकणावर, पंचा अंथरून बसला. मागं गाडी भरलेली. दोन्ही अंगाला पाणी सोडलेली शेतं, भाताची रोपं हातात घेऊन बायका ओळीनं वाकलेल्या. कावेरीचा पूल गेला. पुढं चढ लागला आणि गाडी गुरगुरायला लागली. मी दुसरा गिअर टाकला. तो खाडकन बाहेर पडला. परत टाकला, परत बाहेर. मागनं लॉरीवाला हॉर्न वाजवतोय, गाडी मागं सरकायला बघतेय, मागच्या बायका देवाचं नाव घेतायत. माझं नाव घेत न्हवत्या, ते बरं.

"दुसरा टाकून सोडायचा न्हाई," महादेवण्णा म्हणाला. आवाज चढवला न्हाई. "या गाडीचा दुसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो. चढ संपेपर्यंत. डाव्या हातानं तो धर, उजव्यानं स्टिअरिंग ओढ."

टाकला. धरला. दांडा हातात असा थरथरत होता की दात वाजायला लागले. उजवा खांदा स्टिअरिंगला लावला आणि कळलं, त्याचा कुठं गेला होता. नुसतं चाक घसरून गेला न्हवता. रोज या चढावर थोडा-थोडा गेला होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"बिडबेडा," म्हणाला. सोडू नको.

गाडी एक हात पुढं गेली, मग दोन हात.

"न्हाई सोडत," मी म्हटलं.